वाचकांचे प्रश्न : नाट्यगृहात स्टँड-अपची रात्र

प्रश्न : आमच्या गावातलं नाट्यगृह साडेसातशे खुर्च्यांचं आहे. तिथे मराठी स्टँड-अपचा कार्यक्रम ठेवतोय. अडीचशे तिकिटं जातील असा अंदाज आहे. नाटकाला असते तीच व्यवस्था चालेल ना? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : नाही चालणार. नाटकात सोफा, जिना, दार, चार-पाच पात्रं, असं बरंच काही नजरेला असतं. इथे फक्त एक माणूस आणि एक माईक. साडेसातशे खुर्च्यांत अडीचशे लोकांना ‘बसा कुठेही’ म्हटलं, की प्रत्येक जण शेजारी एक-दोन खुर्च्या मोकळ्या ठेवून बसतो. खांद्याला खांदा लावून बसलेला माणूस मोठ्यानं हसतो. तोच एकटा बसला की गालातल्या गालात. विनोद तोच, पण सभागृह थंड. दोष मात्र कलाकाराच्या माथी.

म्हणून सगळा खटाटोप मोठं सभागृह लहान करण्याचा. बाल्कनीची तिकिटं विकायलाच काढू नका. तळमजल्यावरचा फक्त मधला गट क्रमांक घालून विका : चौदा खुर्च्यांच्या अठरा रांगा धरल्या तर 252 जागा होतात. मागणी वाढली तर आधी त्याच गटाच्या मागच्या रांगा उघडा, बाजूचे गट शेवटी. आणि पहिली रांग मानाच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवू नका. पाहुणे दुसऱ्या कलाकाराच्या वेळी येतात किंवा येतच नाहीत, आणि तोवर कलाकार रिकाम्या सोफ्यांशी बोलत राहतो.

रंगमंचाचंही तेच. तीस फूट खोल रंगमंचावर एकटा माणूस हरवल्यासारखा दिसतो. मधला काळा पडदा ओढून खोली आठ-दहा फुटांवर आणा. दर्शनी पडद्याच्या अगदी पुढे, कडेवर उभं करायचा मोह होतो, पण तिथे दोन अडचणी येतात. एक, रंगमंचावरच्या बारला, म्हणजे वरच्या आडव्या दांड्याला, टांगलेले दिवे त्याच्या डोक्यामागे राहतात आणि चेहरा काळा पडतो. सभागृहातून येणारे समोरचे दिवे लागतातच. दुसरी आवाजाची, ती पुढच्या उत्तरात.

प्रकाशाला फार डोकं चालवू नका. समोरून डाव्या-उजव्या बाजूंनी, साधारण 45 अंशांतून, उबदार रंगाचे दोन-दोन दिवे पुरतात. रंगीत, फिरते दिवे नकोत. भुवई उडाली तर ती पंधराव्या रांगेतून दिसली पाहिजे, एवढंच बघायचं. प्रेक्षागृहात पूर्ण अंधारही करू नका. पहिल्या तीन-चार रांगांचे चेहरे कलाकाराला दिसले तरच तो लोकांशी बोलू शकतो.

प्रश्न : साउंडवाला कॉलर माईक लावायला सांगतो, हात मोकळे राहतात म्हणे. शिवाय आमच्याकडे माईक फार शिट्टी मारतो. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : कॉलर माईक नको. तो तोंडापासून वीतभर लांब असतो, म्हणून आवाज वाढवावा लागतो. वाढवला की स्पीकरमधून आलेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू. शिवाय स्टँड-अपमध्ये माईक हे वाद्य आहे. कुजबुजताना जवळ, ओरडताना लांब, हे हातातल्या माईकनेच जमतं.

साधा वायरचा डायनॅमिक माईक घ्या; शुअर एसएम 58 किंवा तशाच घडणीचा. तो ओठांपासून दोन इंचांवर धरायचा. तोच आठ इंचांवर गेला तर अंतर चौपट होतं आणि आवाज सुमारे 12 डेसिबलने पडतो. साउंडवाला घाईघाईनं बटण वर करतो, कलाकार पुन्हा माईक जवळ आणतो, आणि कुई! जाळी मुठीत झाकू नका, त्यानेही शिट्टी लागते, कारण मागून येणारा आवाज टाळण्याची माईकची सोय बंद होते. माईक तोंडाजवळ असल्यामुळे खर्ज फुगतो. मिक्सरवर 100 हर्ट्‌झच्या खालचं कापा.

स्पीकर कलाकाराच्या किमान दोन-तीन फूट पुढे, बाजूला आणि प्रेक्षकांकडे तोंड करून असावेत. कडेवर उभा राहणारा कलाकार स्पीकरच्या पुढे जातो, तीच ती दुसरी अडचण. मागच्या रांगांसाठी वेगळे स्पीकर असतील तर त्यांना डिले द्या, म्हणजे त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडा. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. मुख्य स्पीकरपासून ते 25 मीटरवर असतील तर 73 मिलिसेकंद होतात. त्यात आणखी दहा-पंधरा मिळवा, म्हणजे आवाज रंगमंचावरूनच आल्यासारखा वाटतो. हे केलं नाही तर मागच्यांना शब्द दुहेरी ऐकू येतात, आणि नेमका शेवटचा शब्द, ज्यावर हसायचं, तोच फुटतो.

माईकचा स्टँड जड गोल बैठकीचा असावा. तिपाईत वायर आणि पाय दोन्ही अडकतात. वायर दहा मीटर. वायरलेसच हवा असेल तर सेल नवे घाला आणि वायरचा दुसरा माईक जोडून, तपासून विंगेत ठेवा. उंच स्टुलावर पाण्याची बाटली, झाकणाची. पेला सांडतो.

प्रश्न : क्रम कसा लावावा? मध्यंतर हवं का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : दीड तासाचा साचा : सूत्रसंचालक सात मिनिटं, पहिला कलाकार दहा, दुसरा पंधरा, मुख्य कलाकार पंचेचाळीस. उरलेली मिनिटं मधल्या बोलण्यात जातात. पहिली सात मिनिटं कलाकारांच्या ओळखीसाठी नाहीत, प्रेक्षकांना एकत्र हसायची सवय लावण्यासाठी आहेत. म्हणून दीपप्रज्वलन आणि सत्कार इथे घुसवू नका. करायचेच असतील तर तिसऱ्या घंटेच्या आधी उरका.

मध्यंतर टाळा. बटाटेवड्याचं उत्पन्न बुडतं हे खरं, पण लोक बाहेर जाऊन परत येईपर्यंत तापलेलं सभागृह निवतं, आणि त्याचा फटका मुख्य कलाकाराला बसतो. वडे कार्यक्रमाआधी विका. मध्यंतर ठेवलंच तर त्यानंतर सूत्रसंचालकाला पुन्हा पाच मिनिटं द्या.

वेळ संपत आल्याची खूण म्हणून प्रेक्षागृहाच्या मागून लाल बॅटरी दाखवा : एक मिनिट उरलं की एकदा, वेळ संपली की लागोपाठ दोनदा. ती कुठून दिसेल हे प्रत्येक कलाकाराला आधी रंगमंचावर उभं करून दाखवा. सवय नसलेला नवखा कलाकार दिवा बघून बावरतो आणि वाक्य अर्धवट सोडतो.

प्रश्न : परवानगी काय काय लागते? (एक वाचक, वर्धा)

उत्तर : नाट्यगृहाचं सत्र आरक्षित करतानाच व्यवस्थापकांना लेखी विचारा : पोलिसांचा परवाना आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र यांपैकी ते काय मागतात. नाटकांच्या संहिता तपासणीसाठी या मंडळाकडे जातात. स्टँड-अपची संहिता मात्र बहुतेकदा कागदावर नसतेच, आणि ऐनवेळी घोळ होतो तो इथे. प्रवेशाला ध्वनिमुद्रित गाणं वाजवणार असाल तर त्याच्या हक्कांचा परवाना वेगळा. तो नको असेल तर टाळ्यांवर प्रवेश घ्या.