घरी बिअर बनवताना पहिल्या बॅचचा खर्च किती धरायचा?

अमेरिकेत आहेस म्हणून सांगतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. १९ लिटरच्या बॅचसाठी सामानाला अंदाजे १००-१५० डॉलर धर: फूड-ग्रेड बादली, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी झडप), हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं साधन), सायफनची नळी, झाकणं बसवायचं हातयंत्र. पुढे दर बॅचला माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि यीस्टचे ४०-५०. स्टीलच्या चकचकीत टाक्यांकडे आत्ता बघूही नकोस. घरातलं मोठं पातेलं चालतं, कारण माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे माल्टचा तयार अर्क, वापरलंस तर सगळं पाणी उकळावं लागत नाही. रिकाम्या बाटल्या मित्रांकडून जमव, फक्त फिरकीच्या झाकणाच्या नकोत. त्यांवर नवं झाकण नीट बसत नाही. यीस्ट कोरडं घे, द्रवापेक्षा बरंच स्वस्त पडतं. सॅनिटायझरवर (सामान निर्जंतुक करायच्या द्रावणावर) मात्र काटकसर अजिबात नको. नळीत जंतू राहिले तर पन्नासेक बाटल्या नासून थेट मोरीत ओताव्या लागतील.