संगणक भंगारात देण्याआधी त्याची तारीख बघा

प्रश्न : मी ६८ वर्षांची निवृत्त शिक्षिका. घरात २०१२ साली घेतलेला संगणक आहे. दुसऱ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, विंडोज ७. सातबारा काढायला बसले किंवा बँकेची साइट उघडली, की ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतं. रोज सकाळी सुरू करताना एफ-वन दाबावं लागतं. दुकानदार म्हणाले, भंगारात द्या. देऊ का?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : बाई, अजिबात देऊ नका. एफ-वनचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, अर्धं उत्तर तिथंच आहे. आधी स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. बहुतेक २०११-१२ च्या आसपासची दिसेल. प्रत्येक साइटच्या सुरक्षा दाखल्याला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. तुमचा संगणक स्वतःला २०११ मध्ये समजतो, म्हणून यंदाचा दाखला त्याला खोटा वाटतो.

तारीख सांभाळणारा सेल संपलाय, एवढंच. रोज एफ-वन दाबावं लागतं तेही त्यामुळंच. वायर काढून सीपीयूचं झाकण उघडा. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मोठ्या मुख्य पट्टीवर, रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित लहान, चपटा सेल दिसेल, वर ‘सीआर २०३२’ लिहिलेला. २० म्हणजे व्यास २० मिमी, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिमी. बाजूची बारीक पट्टी नखानं मागे रेटली की सेल टुणकन वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर ठेवा, मग तारीख लावा.

सातबारा एवढ्यानंही निघू लागेल. बँकेचे व्यवहार मात्र विंडोज ७ वर करू नका, हे मी कळकळीनं सांगतो. त्याचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले, आणि त्यावर चालणारं क्रोम ब्राउझरची (साइट उघडायच्या ॲपची) शेवटची आवृत्ती १०९ वी, २०२३ च्या जानेवारीतली. यंत्र धडधाकट असलं तरी ब्राउझर आधी म्हातारा होतो. विंडोज १० ची मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो.

म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाका. फुकट आहे, पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, मराठी कळफलकही आहे. माझ्या वडिलांचा २००९ चा कोअर टू ड्युओ असाच चालतो. ते रोज त्यावर पेपर वाचतात. व्हिडिओ मोठा केला की पंखा घोंघावतो, तेवढं चालवून घेतात. फक्त ३२ बिटचे जुने संगणक असतील, तर त्यांचं खरंच कठीण झालंय. डेबियन या दुसऱ्या लिनक्सनंही २०२५ च्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. तुमचा ६४ बिटचा आहे.

खर्च करायचाच तर हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान साठवण, घाला, फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. नंतर रॅम ८ जीबी करा. डीडीआर-३ प्रकारचीच मागा, डीडीआर-४ ची खाच वेगळी असते, बसत नाही. आणि मिंट टाकण्याआधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, डिस्क पुसली जाते.