दुसरा भाग खेळू का सोडून देऊ?

प्रश्न: दादा, मी नाशिकला सिडकोत राहतो, इंजिनियरिंगच्या सेकंड इयरला आहे. सेलमधे डेव्हिल मे क्राय या राक्षस मारायच्या व्हिडिओ गेमचं एचडी कलेक्शन घेतलं, त्यात पहिले तीन गेम एकत्र आले. पहिला संपवला, जाम आवडला. आता मित्र म्हणतात दुसऱ्याला हात पण लावू नको, डायरेक्ट तिसरा सुरू कर. पण पैसे तर तिन्हीचे दिलेत ना! दुसरा खरंच एवढा भंगार आहे का?

उत्तर: मित्र खोटं नाही बोलत आहेत, पण त्यांच्यातल्या किती जणांनी तो स्वतः संपवलाय ते एकदा विचार. मी संपवलाय. एकदा पीएस२ वर (प्लेस्टेशन २), कॉलेज रोडला एका मित्राच्या रूमवर, तेव्हा तो दोन डिस्कवर यायचा, एक आपल्या हिरोची, डांटेची, आणि एक दुसऱ्या भागातल्या नव्या हिरॉइनची, ल्युसियाची, आणि आम्हाला वाटलं दोन डिस्क म्हणजे डबल मजा. रात्री दोनला मित्र गेम चालू ठेवून झोपला होता, त्यावरून काय ते समज.

पहिला गेम 2001 चा, दिग्दर्शक हिदेकी कामियाचा. मुळात तो रेसिडेंट ईव्हिल या भयपट-छाप गेमचा चौथा भाग म्हणून सुरू झालेला आणि मग वेगळ्याच वाटेला गेला. दुसरा 2003 च्या जानेवारीत आला, पण तो गेम काढणाऱ्या कॅपकॉम कंपनीने कामियाच्या टीमला न देता दुसऱ्याच टीमला दिला, आणि काम भरकटल्यावर शेवटी शेवटी हिदेआकी इत्सुनोला दिग्दर्शक म्हणून त्यात आणून बसवलं. म्हणजे भाजी आधीच करपलेली आणि आचारी नंतर आलाय.

आता मुख्य दुखणं सांगतो. लोक म्हणतात गेम सोपा आहे. ते खरंय, पण नुसतं सोपं असण्याने एवढं बिघडत नाही. बिघडलंय ते समोरच्या शत्रूंमधे. ते उभेच राहतात रे! पहिल्यात तो लाव्हाचा कोळी, फँटम, अंगावर यायचा तेव्हा तू पळालास की नाही? ती काळी शॅडो कधी कुठून टोचेल म्हणून जीव मुठीत धरून खेळलास की नाही? इथे राक्षस तुझ्याकडे बघत बसतात आणि तू लांबून स्क्वेअर बटण दाबत राहायचं, गोळ्या सुटत राहतात, ते मरतात. बरेचसे बॉस पण असेच जातात. गोल्फ क्लबच्या मैदानावर टेनिस बॉलने क्रिकेट खेळताना समोरचा नुसते फुलटॉस टाकत राहिला तर पहिली ओव्हर मजा येते, तिसऱ्या ओव्हरला आपणच बॅट टाकून चहाला जातो, तसं होतं.

त्यात कॅमेरा लांब नेऊन ठेवलाय. पहिल्यात किल्ल्याच्या अरुंद खोल्या होत्या, इथे मोठमोठे रस्ते, मोकळी मैदानं, आणि त्यात डांटे एवढुसा. मोकळी जागा म्हणून भारी वाटतं दहा मिनिटं, मग कळतं की तिथे करायला काही नाहीये. एक भुताने पछाडलेला रणगाडा बॉस आहे आणि तसंच एक हेलिकॉप्टर. देवळालीच्या लष्करी तोफांचा आवाज ऐकत मोठे झालेलो आपण, रणगाडा म्हटल्यावर काहीतरी धडाम होईल असं वाटलं मला. कसलं काय, तोही स्क्वेअर दाबूनच गेला.

तलवारी तीन आहेत पण फरक फक्त लांबीचा आणि जोराचा, खेळायची पद्धत तीच. आणि डांटे बोलतच नाही! पहिल्यात टोमणे मारणारा माणूस इथे नाणं उडवतो आणि गप्प बसतो, त्याचं कोणी काय घेतलं होतं कुणास ठाऊक.

पण (आणि हे मित्र सांगणार नाहीत) यातल्या बऱ्याच गोष्टी चांगल्या होत्या. वार चुकवायला वेगळं बटण पहिल्यांदा इथे आलं, पहिल्यात शत्रूवर नेम लॉक करून, दिशा देऊन, वर जंप दाबावी लागायची, आठवतंय ना? बंदूक बदलायला मेनूत जायची गरज संपली. भिंतीवरून धावणं आलं, दोन दिशांना एकदम गोळ्या झाडणं आलं. रिबेलियन, जी आज डांटेची ओळख आहे ती तलवार, ती याच गेममधली. आणि ब्लडी पॅलेस नावाचा वेगळा मोड! डांटे-ल्युसिया दोघांची स्टोरी संपवली की उघडतो, 9999 मजले, एका मजल्यावरचे सगळे मारले की वरचा. ही कल्पना इतकी जमली की पुढच्या भागांत लोक तिची वाट बघायला लागले. हत्यारं झक्कास दिली होती, ती वापरायला अंगावर येणारं कोणी दिलं नाही, माझी तक्रार एवढीच. तोच इत्सुनो पुढे 2005 ला तिसरा घेऊन आला आणि त्यात शत्रू असे सोडले की आपण रडलो.

म्हणून माझं म्हणणं, खेळ, पण आत्ताच खेळ, तिसऱ्याच्या आधी. तिसऱ्यानंतर हा अजिबात गिळवणार नाही. डांटेची 18 मिशन आहेत, लहान लहान, एका वीकेंडला उरकतात. आणि स्वतःलाच एक नियम घाल, बंदूक फक्त शत्रू हवेत उडालेला असताना. बघ किती फरक पडतो.

प्रश्न: ल्युसियाची डिस्क पण खेळायलाच हवी का? कंटाळा येतोय. (एक वाचक, पंचवटी)

उत्तर: हवी असं नाही. 13 मिशन आहेत, बऱ्याच जागा तुला ओळखीच्याच लागतील. आणि मधे पाण्याखालचा भाग येतो, तो कुणी टेस्ट केला होता की नाही देव जाणे. पण ल्युसियाच्या हातातली दोन पाती आणि तिचं सरसर फिरणं मला डांटेपेक्षा जास्त जिवंत वाटलं. ब्लडी पॅलेस हवा असेल तर मात्र सुटका नाही.

प्रश्न: सातपूरला नाइट शिफ्ट करतो, सकाळी घरी आलो की तासभर खेळतो. गेमपॅड नाहीये, कीबोर्डवर जमेल का?

उत्तर: दुसरा जमेल, कारण त्यात धड कोणी मारतच नाही. तिसऱ्याला लॉक धरून ठेवायचं, त्याच वेळी मागे-पुढे करायचं आणि वार पण करायचा, तिथे बोटांचा गुंता होईल. कलेक्शनमधे तिसऱ्याची स्पेशल एडिशन आहे, ती बाहेरच्या देशांतल्या पहिल्या आवृत्तीपेक्षा थोडी दयाळू आहे, तरीपण. एखाद्या मित्राकडून आठवडाभर पॅड मागून आण आणि मग ठरव.