छोट्या सोबती रोबोटवर माणसाचा खरंच जीव जडतो का?

जडतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. रोबोटला काही वाटतं का हा वेगळा प्रश्न. आपल्या बाजूची माया खरीच असते.

जपानमधला लव्हॉट हा रोबोट बघा. वजन साधारण ४ किलो, तान्ह्या बाळाएवढं. अंग कोमट. ‘उचलून घे’ म्हणून हात हलवतो आणि उचलला की चाकं पोटात ओढून घेतो. घरकाम शून्य! ती चाकं आत जाताना पाहिलं की मला फार भरून येतं, कुशीत घेतल्यावर टोचू नये याचा विचार कुणीतरी केलाय.

पारो हा रोबोट मुद्दाम सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लासारखा केला. मांजर केलं असतं तर लोकांनी खऱ्या मांजराशी तुलना केली असती. सील कुणी पाळलेलाच नसतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या मांडीवर तो ठेवतात. कुरवाळलं की डोळे मिटतो, आवाज काढतो.

घेण्याआधी एक मात्र विचारा: दुरुस्ती किती वर्षं मिळेल? १९९९ साली आलेल्या आयबो या रोबोट कुत्र्यांची दुरुस्ती २०१४ मध्ये थांबली, त्यानंतर जपानमधल्या एका बौद्ध मंदिरात त्यांचे अंत्यविधी झाले.