घरच्या गॅरेजमध्ये जुनी मसल कार स्वतः रिस्टोअर करणं परवडतं, की तयार गाडी घ्यावी?

प्रश्न विचारणाऱ्यांचं घर अमेरिकेत आहे, गॅरेज दोन गाड्यांचं आहे आणि साठ-सत्तरच्या दशकातली एखादी मसल कार (मधल्या आकाराच्या गाडीत दांडगं इंजिन घातलेली) स्वतःच्या हाताने उभी करायची हौस आहे. खर्च किती आणि वेळ किती, एवढं त्यांना हवंय. पण शेवटी त्यांनी जोडलंय, "की सरळ तयार केलेली गाडी घेणं जास्त शहाणपणाचं?"

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि माझं डोकं सणकलं. आमचे थोरले साडू हेच वाक्य मला गेली कित्येक वर्षं ऐकवतायत. दिवाळीला, थँक्सगिव्हिंगला, एकदा तर मुंजीच्या पंगतीत. त्यामुळे उत्तर जरा लांबणार, समजून घ्या.

पैशांचं आधी उरकतो. तयार गाडी स्वस्त पडते, यात वादच नाही. ब्लॉक (इंजिनचा मुख्य ओतीव भाग) बोअर करून, क्रँक ग्राइंड करून, नवे पिस्टन घालून इंजिन उभं करायला मशीन शॉप आणि सुटे भाग मिळून पाच ते आठ हजार डॉलर आरामात जातात, तेही जोडणी तुम्ही स्वतः केलीत तर. बरा रंग बाहेरून काढून घ्यायचा तर दहा हजारांच्या खाली कोणी बोलत नाही, वीसही मागतात. क्रोमच्या बंपरचं तर नावच काढू नका. माझा आकडा चाळीस हजारांवर गेल्यावर मी वहीत लिहिणं सोडलं. आता ती वही घरात कोणाला सापडू नये एवढंच बघतो. वेळेचं म्हणाल तर दोन वर्षं धरा आणि चार-पाच लागतील हे बायकोला आधीच सांगून ठेवा. झालं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

आता साडूंचं.

माझी गाडी 1968ची पाँटिॲक जीटीओ. आम्ही डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. पाँटिॲक हे गाव इथून जवळच, गाडी तिथल्याच कारखान्यात जुळलेली. जीएमने, म्हणजे जनरल मोटर्सने, 2010 मध्ये पाँटिॲक हा ब्रँड गुंडाळला, पण इथे आजही गल्लीत कोणी ना कोणी झाकून ठेवलेली एखादी सापडतेच. मला माझी फ्लिंटच्या पुढे एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये मिळाली. "इंजिन चालतं," म्हणाला. चालतही होतं. घरी आणून ऑइल पॅन उतरवला तर तेलाच्या पंपाच्या जाळीत तपकिरी नायलॉनचे तुकडे अडकलेले. त्या काळी टायमिंग चेनचा आवाज कमी यावा म्हणून कॅमच्या (इंजिनच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) गिअरचे दात नायलॉनचे करायचे. वय झालं की ते ठिसूळ होऊन गळतात, जाळी तुंबते, बेअरिंगना तेल मिळेनासं होतं आणि चालतं इंजिन हायवेवर बसतं. जुन्या पाँटिॲकवाल्यांना हे तोंडपाठ असतं. तुम्ही पाँटिॲक घेणार असाल तर पहिल्या दिवशी पॅन उतरवा, मालक काहीही म्हणो.

पण इंजिन हे त्यातल्या त्यात सोपं काम. मोजमापं ठरलेली असतात, टॉर्क रेंच खोटं बोलत नाही. खरी परीक्षा पत्र्याची. माझ्या गाडीला व्हिनाइलचं छत होतं, म्हणजे छताच्या पत्र्यावर व्हिनाइल चिकटवलेलं. दिसायला झोकदार, पण मागच्या काचेच्या कडेला पाणी त्याच्याखाली शिरतं आणि तिथेच राहतं. मिशिगनात हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं, ते खालून खातं. आणि हे वरून. व्हिनाइल सोलून काढलं, काचेच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत. हात घातला तर बोटं थेट डिकीत. नेमके त्याच शनिवारी साडू सहकुटुंब आले होते. हातात चहाचा कप, ते भोक वाकून बघितलं आणि म्हणाले, "अहो, तयार घेतली असतीत तर निम्म्यात पडली असती."

साडू नेपरव्हिलला असतात, शिकागोच्या बाजूला. हिशेबाला पक्के. नुसतं बोलून थांबणाऱ्यातले नाहीत. पुढच्याच वसंतात त्यांनी दुसऱ्या राज्यातल्या एका डीलरकडून फोटो बघून लालभडक 1968ची जीटीओ घेतली. "संपूर्ण रिस्टोअर्ड". घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गाडीचे इतके फोटो पडले की सासूबाईंनी विचारलं, जावयाने दुकान काढलं का.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी आमच्याकडे वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते. डेट्रॉइटहून पाँटिॲककडे जाणारा वुडवर्ड ॲव्हेन्यू हा रस्ता. साठच्या दशकात पोरं तिथे सिग्नल ते सिग्नल शर्यती लावायची. 1995 पासून त्याची जत्रा झालीये. फुटपाथवर खुर्च्या टाकून माणसं दिवसभर गाड्या बघतात. साडू शुक्रवारी रात्री गाडी घेऊन आले, ट्रेलरवर नाही, शिकागोहून हायवेने चालवत. हे त्यांचं मानायला हवं.

शनिवारी पहाटे मी चहा घेऊन ड्राइव्हवेवर गेलो. 1968 पासून अमेरिकेत व्हिन नंबरची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची, पट्टी डॅशबोर्डवर, ड्रायव्हरच्या बाजूला, काचेतून वाचता येईल अशी असते. जीटीओ असेल तर नंबर 242 ने सुरू व्हायला हवा. साडूंच्या गाडीचा 237 ने सुरू होत होता. चष्मा पुसला, परत वाचला. 237 म्हणजे पाँटिॲक लमाँ. त्याच सांगाड्यावरची साधी, गरीब घरातली बहीण. पुढचा बंपर जीटीओचा लावलेला, बॉनेट जीटीओचं, बिल्ले जीटीओचे.

मग मला राहवेना. घरात जाऊन फ्रिजवरचा अष्टविनायकाचा मॅग्नेट काढून आणला. दारावर लावला, बसला. छतावर बसला. मागच्या चाकाच्या वर, क्वार्टर पॅनेलवर लावला तर हळूहळू घसरत खाली आला आणि काँक्रीटवर पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. म्हणजे तिथे पत्रा नावालाच, वर बोटभर पुट्टी आणि तिच्यावर तो आरशासारखा लाल रंग. हे सगळं साडूंचा धाकटा मागे उभा राहून फोनवर शूट करत होता, ते मला नंतर कळलं.

साडू बर्म्युडा घालून बाहेर आले. मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, पण जीटीओ म्हणजे लमाँच की! तुम्हीच मागे सांगितलं होतंत."

खरं सांगायचं तर मी ते सांगितलं होतं, आणि ते खोटं नाही. 1964 मध्ये जीएमचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत 330 क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. जॉन डीलोरियन तेव्हा पाँटिॲकचा चीफ इंजिनिअर. त्याने आणि त्याच्या माणसांनी पळवाट काढली: नवं मॉडेल म्हटलं तर मंजुरी लागेल, म्हणून टेम्पेस्ट लमाँवर घ्यायचं एक ऑप्शन पॅकेज म्हणून 389 क्युबिक इंचांचं, म्हणजे जवळपास 6.4 लिटरचं इंजिन देऊ केलं आणि त्याला जीटीओ नाव दिलं. वरच्यांच्या लक्षात येईपर्यंत गाड्या खपल्या होत्या. पहिल्याच वर्षी 32,450. मसल कारचं युग तिथून सुरू झालं असं बहुतेक जण मानतात. तेव्हा साडूंचा मुद्दा 1964 आणि 1965 साठी शंभर टक्के बरोबर. पण 1966 ते 1971 जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल होतं आणि त्याचा नंबर 242. साडूंची गाडी 1968ची. तिथे वकिली चालत नाही.

साडूंनी बॉनेट उघडलं. "इंजिन तर 400 क्युबिक इंचांचं आहे ना? लिहिलंय वर." वर एअर क्लीनरवर काय हवं ते चिकटवता येतं. पाँटिॲकचे त्या काळातले व्ही-8 बाहेरून सगळे सारखे दिसतात, 350 असो, 400 असो, 455 असो. ओळखायचं ते ब्लॉकवर पुढच्या अंगाला, पॅसेंजरच्या बाजूला, हेडच्या खाली कोरलेल्या दोन अक्षरांच्या कोडवरून. तिथला तेलकट चिखल ब्रेक क्लीनरने पुसला, टॉर्च मारली. 350 निघालं. साडूंनी बॉनेट हळूच बंद केलं. धाकट्याने व्हिडिओ ग्रुपवर टाकला.

त्यानंतर बायको दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. "तुला काय गरज होती सांगायची?" गरज होती. लमाँची जीटीओ करणं हा काही गुन्हा नाही, चांगली केलेली क्लोन मी स्वतःही आनंदाने चालवेन. पण लमाँच्या अंगावर बिल्ले चढवून जीटीओच्या भावाने विकणं ही शुद्ध फसवणूक, आणि "तयार घ्या, शहाणपणाचं" म्हणणारे तिचं पहिलं गिऱ्हाईक. पाँटिॲक असेल तर पैसे देण्याआधी पाँटिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून त्या गाडीच्या कारखान्यातल्या कागदांची प्रत मागवा. थोडी फी घेतात आणि गाडी काय म्हणून बाहेर पडली ते कळतं. आणि मॅग्नेट खिशात ठेवा.

साडू मात्र हरले नाहीत. त्यांचं म्हणणं आजही तेच: "मी चालवतोय तरी. तुमची अजून स्टँडवर."

म्हणून माझं इंजिन पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मी मुद्दाम साडूंना व्हिडिओ कॉल लावला. या जुन्या इंजिनांचा कॅम सपाट टॅपेटचा, म्हणजे झडपा उचलणारे टॅपेट त्याच्यावर घासत चालतात. नवा बसवला की पहिल्या स्टार्टला 2000 आरपीएमच्या वर धरून वीसेक मिनिटं चालवावं लागतं, आयडलवर सोडलं तर कॅम तिथेच झिजून जातो. तेलही झिंक भरपूर असलेलं लागतं, आजच्या गाड्यांचं साधं तेल चालत नाही. शेजारचे म्हातारबाबा बाहेर येऊन हात जोडल्यासारखे उभे, आमचा कुत्रा सोफ्याखाली. वीस मिनिटांनी मी कानातले बोळे काढले आणि फोनकडे बघितलं. साडू म्हणाले, "आवाज जरा बेसूर वाटतोय."

बेसूर नव्हता. (शेव्हीची, म्हणजे शेव्हरोलेची, सवय असलेले लोक पाँटिॲकच्या प्लगच्या वायरी उलट्या लावतात. पाँटिॲकचा डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या उलट फिरतो. तेव्हा बेसूर येतो.)

आता तुमच्यासाठी, साडूंना बाजूला ठेवून. पहिलीच गाडी असेल तर माझ्यासारखी पाँटिॲक घेऊ नका. मस्टँग घ्या, नाहीतर शेव्हेल किंवा कॅमॅरो. सुटे भाग ढिगाने मिळतात, 1969च्या कॅमॅरोची तर अख्खी बॉडी नवी बनवून मिळते. इंजिन खराब पण पत्रा चांगला अशी गाडी घ्या, उलटी कधीच नको. ॲरिझोना, टेक्साससारख्या कोरड्या मुलखातली मिळाली तर वाहतुकीचा खर्च वसूल होतो. पत्रा जोडताना मिग वेल्डरने टिपके टिपके मारा, सलग ओढलीत तर पॅनेल पापडासारखं वाकतं. इंजिन उघडलंच आहे तर पिस्टन असे घ्या की कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं ते) साडेनऊच्या आसपास राहील. माझ्या गाडीचं कारखान्यातून 10.75 होतं, ते आजच्या पंपावरच्या 93 ऑक्टेनच्या पेट्रोलला झेपत नाही. आणि "ओरिजिनल, ओरिजिनल" करत चारही चाकांना ड्रम ब्रेक ठेवणाऱ्यांचं ऐकू नका. पुढे डिस्क लावा. ब्लॉक गाडीचा मूळचा असेल तर तो जपा, बाकी कशाची पूजा करायची गरज नाही.

एक राहिलंच. तुमच्या वसाहतीत होमओनर्स असोसिएशन असेल तर तिचे नियम आधी वाचा; बऱ्याच ठिकाणी ड्राइव्हवेवर चाकं काढलेली गाडी ठेवू देत नाहीत. दार बंद करून गॅरेजमध्ये इंजिन चालवू नका, हिवाळ्यात तर नाहीच. पेट्रोलची टाकी उतरवल्याशिवाय मागच्या बाजूला वेल्डिंग करू नका. पुढची स्प्रिंग काढताना ती दाबून धरणारा स्प्रिंग कंप्रेसर भाड्याने आणा, जुगाड नको, ती सुटली तर जबडा जातो. कंबर आधीच दुखत असेल, मुलं अगदी लहान असतील, किंवा तुम्हाला खरंच फक्त रविवारी चालवायला गाडी हवी असेल, तर तयार घ्या. काही वाईट नाही त्यात.

साडूंची विकायला आहे. लाल रंग, मागचं क्वार्टर पॅनेल आता नवीन, ते काम माझ्याच गॅरेजमध्ये झालं. जाहिरातीत लमाँ लिहायला लावलंय मी त्यांना.