नाव बदलत बसू नका, स्लग बघा

तुम्ही लिहिलंय की सोलापुरी चादरींच्या जँगो साइटवर (जँगो म्हणजे पायथनमधलं वेबसाइट बनवायचं साधन) यादीचं पान लॅपटॉपवर नीट उघडतं, सर्व्हरवर मात्र नोरिव्हर्समॅच (दिलेल्या नावावरून पत्ता तयार करता आला नाही, ही एरर) येतो, आणि पाथमधलं (पानाचा पत्ता ठरवणाऱ्या ओळीतलं) नाव चार वेळा बदलूनही तेच. हाच घोळ मी निस्तरलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचा कोड मी पाहिलेला नाही, एररच्या ओळीवरून बोलतोय एवढं ध्यानात ठेवा.

अवतरणचिन्हं, अ‍ॅप_नेम, इन्क्लूड (अ‍ॅपचं नाव आणि त्याचे पाथ जोडणारी ओळ) हे तुम्ही बघितलंच असणार. एररचं वाक्य शेवटपर्यंत वाचा. ‘नॉट अ रजिस्टर्ड नेमस्पेस’ असेल तर अ‍ॅप_नेमचा प्रश्न. ‘नॉट अ व्हॅलिड व्ह्यू फंक्शन ऑर पॅटर्न नेम’ असेल तर खरंच नाव चुकलंय. तुमच्या ओळीत मात्र ‘विथ आर्ग्युमेंट्स’ आहे आणि पुढे कंसात नुसती दोन रिकामी अवतरणचिन्हं. याचा अर्थ नाव सापडलं, पण त्याला द्यायची किंमत (व्हॅल्यू) रिकामी निघाली. आता नावाला हात लावू नका.

किंमत रिकामी येण्याची कारणं सहसा दोनच. टेम्प्लेटमध्ये व्हेरिएबलचं स्पेलिंग चुकलंय, किंवा डेटाबेसमध्ये स्लग (मालाच्या नावावरून बनवलेला पत्त्यातला तुकडा) रिकामा आहे. स्पेलिंग चुकलं असतं तर लॅपटॉपवरही पान पडलं असतं. म्हणजे डेटा. लॅपटॉपवर चाचणीपुरती इंग्रजी नावं भरलेली असतात, सर्व्हरवर दुकानाची खरी मराठी यादी चढते, आणि तिथेच माशी शिंकते.

नावाचा स्लग बनवणारं जँगोचं स्लगिफाय डीफॉल्टने फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि अंडरस्कोअर ठेवतं. ‘सोलापुरी चादर’ दिलं की हाती काहीच उरत नाही. ‘चादर 60x90’ दिलं तर ‘60x90’ उरतं, मग त्या मापाच्या सगळ्या चादरींचा स्लग एकच. फील्डला युनिक (एकच किंमत दोनदा नको) लावलं असेल तर पहिली रिकामी नोंद बिनबोभाट आत जाते, इंटेग्रिटीएरर (तो नियम मोडल्याची एरर) दुसरीला येतो. आणि यादी बल्क_क्रिएटने (एका झटक्यात अनेक नोंदी) चढवली असेल तर नोंदीचं सेव्ह फंक्शन चालतच नाही. स्लग सेव्हमध्ये तयार होत असेल तर तो रिकामाच राहतो. यादीत अशी एक नोंद असली तरी अख्खं पान पडतं.

इथे बहुतेक जण स्लगिफायचं अलाउ_युनिकोड ट्रू करतात, म्हणजे इतर लिपींची अक्षरंही ठेवायला सांगतात. माझं स्पष्ट मत: मराठीसाठी ते करू नका. पायथनच्या रेगेक्समधला (मजकुरात नमुना शोधायच्या पद्धतीतला) ‘\w’ काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त यांना अक्षर मानत नाही, त्यामुळे ते गळून पडतात. ‘सोलापुरी चादर’चं होतं ‘सलपर-चदर’. ‘जाड चादर’ आणि ‘जोड चादर’ दोन्हींचं ‘जड-चदर’. सोलापुरात तेलुगू-कन्नड नावंही लागतात, त्यांच्या स्वरचिन्हांचं तेच. शिवाय पाथमध्ये ‘स्लग’ कन्व्हर्टर (पत्त्यात काय चालेल ते ठरवणारा) असेल तर तो इंग्रजी अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि अंडरस्कोअर एवढंच घेतो. म्हणजे स्लग भरलेला असूनही पुन्हा नोरिव्हर्समॅच.

माझ्या मते पत्त्यात ‘इंट’ (पूर्णांकाचा) कन्व्हर्टर लावून पीके (प्रायमरी की, म्हणजे नोंदीचा क्रमांक) द्या आणि मोकळे व्हा. नाव हवंच असेल तर पीकेनंतर ‘एसटीआर’ (मजकुराच्या) कन्व्हर्टरने जोडा, पण नोंद शोधायची ती पीकेवरूनच. नाहीतर रोमन स्लग हाताने भरा, पन्नास-शंभर मालाला ते जड नाही. ग्राहकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या जुन्या लिंक चालू राहायला जुना पाथ वेगळ्या नावाने ठेवून तिथून रीडायरेक्ट करा.

आमचे सगळ्यात जास्त दिवस गेले ते होस्टिंगच्या मदतकक्षापायी. गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर ऑर्डरी अडलेल्या, आणि तिकडून रोज तेच उत्तर: सर्व्हर रीस्टार्ट करा, कॅशे साफ करा. रिकामा स्लग रीस्टार्टने भरत नाही हो! डीबग फॉल्स (एररचा तपशील दाखवणं बंद) असताना स्क्रीनवर नुसता ५०० दिसतो, लॉगिंग लावलेलं असेल तर खरी ओळ लॉगमध्ये असते. त्यांना एकच विचारा: एरर लॉगची फाइल कुठे आहे? तेवढं मिळालं की त्यांची गरज संपली. आणि ओळ दिसावी म्हणून चालू साइटवर डीबग ट्रू करू नका, सेटिंग्ज आणि कोडचे तुकडे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात.

आत्ता लगेच काय करायचं? आधी डेटाबेसचा बॅकअप. मग सर्व्हरवर जँगोचं शेल (कमांड टाइप करायची जागा) उघडून स्लग रिकामा असलेल्या नोंदी फिल्टर करा, नल (काहीच न भरलेल्या) असलेल्या वेगळ्या बघा. त्या दुरुस्त केल्यावर सगळ्या नोंदींवर एक लूप फिरवून प्रत्येकीचं गेट_अ‍ॅब्सोल्यूट_यूआरएल (नोंदीचा पत्ता देणारं फंक्शन) बोलवा आणि जिथे अडेल तिथला पीके छापून घ्या. नवीन यादी चढवली की दरवेळी हा लूप चालवा, दुकान उघडायच्या आत.