यजमानांच्या लकव्याच्या झटक्यानंतरच्या भीतीविषयी

ताई, यजमानांचा हात सुधारत असूनही ते एकटे न्हाणीत जायला घाबरतात, असे तुम्ही लिहिले आहे. लकव्यानंतर पहिल्या वर्षात साधारण चारांपैकी एकाला अशी चिंता ग्रासते, त्यामुळे 'मन घट्ट करा' एवढे सांगून ती जात नाही. दिवसातून दहादा बीपी मोजणे मात्र बंद करा. घाबरलेल्या माणसाचा आकडा वर जातो, आकडा पाहून तो आणखी घाबरतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच, पाच मिनिटे शांत बसवून मोजावे. भीती वाटणारी गोष्ट टाळल्याने भीती वाढते, यासाठी फिरणे टप्प्याटप्प्याने वाढवा: आधी घराचा सोपा (ओसरी), मग अंगण, मग गल्लीच्या टोकापर्यंत, गणपत गल्लीतला गर्दीचा बाजार सध्या राहू द्या. तोल सावरण्यासाठी न्हाणीत भिंतीला दांडा बसवा आणि कडी आतून लावू देऊ नका.

झोप उडाली, व्यायामही नको वाटू लागला, तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना स्पष्ट सांगा. चिंतेवरच्या काही गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढवतात, तेव्हा डॉक्टरांना न विचारता कोणतीही गोळी, शेजाऱ्यांची झोपेची गोळीसुद्धा, देऊ नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक झाले, तर ती चिंता समजून थांबू नका, लगेच १०८ ला फोन करा.